भाडेकरूला घेऊन जत्रेला

मार्च महिन्यातला शेवटचा रविवार, सकाळी साडेदहा. जागा, आमच्या सोसायटीच्या पार्किंगमधली समितीची खोली. रक्कम, रुपये पंचवीस हजार अनामत, जी मी माझ्या भाडेकरूला एप्रिलअखेर परत करायची आणि फ्लॅट रिकामा करून घ्यायचा. हजर, अध्यक्ष, सेक्रेटरी, दोन सभासद आणि मी. विरोध कुणाचाच नाही. माझाही नाही. मी "बरं" म्हणालो आणि आलेला चहा प्यायलो.

भाडेकरूचं नाव इमॅन्युएल. टांझानियाचा, वय चोवीस, औषधनिर्माणशास्त्राच्या तिसऱ्या वर्षाला. आमच्याच इमारतीत तिसऱ्या मजल्यावर मुलासाठी घेतलेला एक छोटा फ्लॅट आहे. मुलगा बंगळुरात नोकरीला लागला, तेव्हापासून इमॅन्युएल तिथे राहतो. तीन वर्षांत त्याचं भाडं एकदाही पाच तारखेच्या पुढे गेलेलं नाही. तक्रारी होत्या त्या अशा: स्वयंपाकाचा उग्र वास येतो, मित्र येतात, जिन्यात मोठ्याने हसतात. त्याच्या समोरच्या फ्लॅटमध्ये नोकरी करणारी चार मुलं राहतात. त्यांच्याकडे जास्त माणसं येतात, हे मला माहीत होतं आणि समितीलाही. त्या बैठकीत रंगाचा उल्लेख कुणीच केला नाही. त्याची गरजच पडली नाही.

मे महिन्यात त्याची परीक्षा होती. त्यामुळे सांगायचं कसं, हा प्रश्न होता. मी दोनदा तिसऱ्या मजल्यापर्यंत गेलो आणि तसाच गच्चीवर जाऊन, पाण्याची टाकी बघून खाली आलो. शेवटी मला वाटलं, घराबाहेर नेऊन, दोन दिवस फिरवून, चांगलं खाऊ-पिऊ घालून सांगावं. चैत्र पौर्णिमेनंतरच्या रविवारी माझ्या मेहुण्याच्या गावची जत्रा असते, वेल्हे तालुक्यात, मार्गासनीच्या पुढे. मी त्याला म्हटलं, चल, खेडं बघशील. तो लगेच हो म्हणाला. माझ्या बायकोच्या, सुनंदाच्या, हातून डबा भरताना भांडी जरा जास्त वाजली.

किकवी

शनिवारी सकाळी निघालो. खरं तर आम्ही जत्रेला दरवर्षी एसटीनेच जातो. या वर्षी मी गाडी काढली. बायकोला सांगितलं, गुडघे दुखतात. कारण वेगळं होतं. एसटीत साठ माणसं दोन तास इमॅन्युएलकडे बघणार आणि मग माझ्याकडे बघणार, हे मला नको होतं.

किकवीला चहाला थांबलो. हमरस्त्याला लागून हॉटेल, बाहेर दुधाचे कॅन घेऊन उभी असलेली मोटरसायकल. मी आतलं, भिंतीकडे तोंड होईल असं टेबल धरलं. इमॅन्युएल दारात उभा राहिला आणि म्हणाला, "काका, बाहेर वारा आहे." आणि बाहेरच्या बाकावर जाऊन बसला. त्याचं माझं बोलणं मराठी, हिंदी, इंग्रजीची खिचडी असते. इथे ती सगळी सरळ मराठीत लिहितो आहे. मराठी त्याला बोलायला थोडी येते, कळते मात्र बरीच. हे "बरीच" म्हणजे किती, याचा मला अंदाज नव्हता.

शेजारी पंचा डोक्याला गुंडाळलेले एक गृहस्थ होते. त्यांनी बघून घेतलं, चहा संपवला आणि मला विचारलं, "वेस्ट इंडीजचं का पावणं?"

"आफ्रिका," मी म्हणालो.

"बॉलिंग टाकत असतील."

"नाही. शिकतात."

"मराठी येतं का त्येंना?"

"थोडं थोडं."

"खातात काय?"

मी तोंड उघडलं, तोवर सुनंदा म्हणाली, "अहो, त्याला तोंड आहे की. त्याला विचारू देत ना."

गृहस्थ ओशाळले. मग इमॅन्युएलकडे वळून, बहिऱ्याशी बोलावं तसं मोठ्याने म्हणाले, "भात! भात खाता का?"

"खातो," इमॅन्युएल म्हणाला. "पण वेल्ह्याचा पाहिजे."

हॉटेलवाल्यासकट सगळे हसले. हे वाक्य त्याला सुनंदाने कधीतरी शिकवलं असणार. मीही हसलो, पण गाडी सुरू करताना लक्षात आलं की तीन वर्षांत त्याने असलं काही माझ्याशी बोलल्याचं मला आठवत नाही. आमचं बोलणं वीजबिल, पाण्याची वेळ आणि पावती एवढंच.

भोंगवली

भोंगवलीला जायचं इमॅन्युएलने सुचवलं होतं. त्याचा वर्गमित्र सिद्धार्थ गायकवाड तिथला. सिद्धार्थ परीक्षेच्या तयारीसाठी पुण्यातच होता, पण त्याच्या आईवडिलांनी "येताय तर घरी या" असा निरोप दिला होता.

घर गावाच्या कडेला, विटांचं, नवा रंग दिलेलं. ओट्यावर बुद्धाची आणि बाबासाहेबांची तसबीर, खाली मोटारीचे दोन स्टार्टर उघडून ठेवलेले. गायकवाड शेती करतात आणि पंचक्रोशीतल्या पाण्याच्या मोटारी दुरुस्त करतात. ते हात पुसत पुढे आले आणि इमॅन्युएलच्या पाठीवर थाप मारली. "या, इम्यान्युएलराव. किती वाळलात. हितं सिद्धूच्या आईनं भाकरी टाकायला घेतल्यात, आता जेवूनच जायाचं."

मी ताबडतोब म्हणालो, "नको, नको, आम्ही किकवीला खाऊन आलोय."

सुनंदाने माझ्याकडे पाहिलं. "कुठं खाल्लंय? चहा तर घेतला."

गायकवाड हसले नाहीत, रागावलेही नाहीत. फक्त हातातला पान्हा व्यवस्थित खोक्यात ठेवला. हे उत्तर त्यांनी बऱ्याच पाहुण्यांकडून ऐकलं असणार. मी मुद्दाम खोटं बोललो नव्हतो. ते आपोआप तोंडातून गेलं होतं, आणि ते कुठून आलं हे मला तिथे उभ्या उभ्या कळलं. माझ्या वडिलांच्या तोंडून मी ते वाक्य शब्दशः ऐकलं होतं. मी चप्पल काढून आत जाऊन बसलो.

ज्वारीची भाकरी, घेवड्याची आमटी, शेंगदाण्याची ओली चटणी, कांदा. इमॅन्युएल भाकरी मोडताना म्हणाला की त्यांच्याकडे मक्याच्या पिठाची उगाली असते, हाताने गोळा करून आमटीत बुडवून खातात.

"म्हंजी घट्ट पिठलंच की," सिद्धार्थच्या आई म्हणाल्या. "मंग परकं काय हाय त्यात?"

जेवताना गायकवाडांनी मला विचारलं, "हा तुमच्याकडंच राहतो न्हवं?"

"हो."

"लई मोठं काम केलंत साहेब."

मी म्हटलं, त्यात काय मोठं, भाडं घेतो.

"तसं न्हाई. आमचा सिद्धू पुण्यात खोल्या बघत हिंडत हुता. म्या बरोबर गेलो हुतो. एके ठिकाणी बाईंनी खोली दावली, नळ दावला, चावी सुदिक हातात दिली. मंग इचारलं, आडनाव काय. सांगितलं. म्हणाल्या, थांबा हां, ह्यांना इचारते. आत गेल्या आन भाईर येऊन म्हणाल्या, आमच्या भाच्याला द्यायचं ठरलंय." त्यांनी थांबून भाकरीचा घास घेतला. "त्यो भाचा कवा पैदा झाला, आतल्या खोलीतच झाला आसंल."

त्यांची बायको हसली. "अवो, जेवताना नगं ना."

"मंग सिद्धू कॉलेजच्या हॉस्टेलात शिरला. आन हा सातासमुद्रापल्याडचा, ह्येला तुमी चावी दिलीत. म्हणून म्हणतो."

इमॅन्युएल खाली बघून जेवत होता. मी पाणी मागितलं. निघताना त्यांनी गाडीत पाच किलो घेवडा आणि लसणाची एक माळ ठेवली. पैसे विचारले तर म्हणाले, "घरमालकाला भेट." मी गाडी वळवताना मागचा बंपर त्यांच्या दगडी पाळीला घासला. आठशे रुपयांचं काम निघालं. ते बघायला मी खाली उतरलोही नाही.

भोर

ठरलेलं असं होतं की शनिवारची रात्र भोरला लॉजवर काढायची. मेहुण्याचं घर जत्रेच्या आदल्या दिवशी पाहुण्यांनी भरलेलं असतं. दुपार भोरच्या बाजारात गेली. इमॅन्युएलने आईला पाठवायला एक नऊवारी साडी बघितली, हिरवी. दुकानदाराने त्याला दर सांगितला तो मला सांगितला असता त्याच्या दीडपट होता. मी घासाघीस करायला पुढे झालो, तर इमॅन्युएलनेच "दादा, मी टुरिस्ट नाही, धनकवडीत राहतो" म्हणून तीनशे रुपये कमी करून घेतले.

नीरेच्या पुलावरून जाताना तो म्हणाला, "काका, आमच्याकडे दुकानं बहुतेक भारतीयांची. त्यांना मुहिंदी म्हणतात. माझी आजी सांगायची, मुहिंद्याच्या तराजूवर नजर ठेव."

"म्हणजे तुम्हीही आम्हाला नावं ठेवता," सुनंदा म्हणाली.

"भरपूर." तो मनापासून हसला. "इथे आल्यावर आजीला फोन करून सांगितलं, इथे सगळेच मुहिंदी आहेत, किती तराजू बघू?"

सुनंदा हसून हसून पुलाच्या कठड्याला टेकली. मी मात्र हसता हसता विचार करत होतो की सांगायचं ते आत्ता सांगावं का. मनःस्थिती चांगली आहे, नदी आहे. पण नदीत पाणी कमी होतं, एक माणूस म्हैस धूत होता, आणि मी म्हणालो, "चला, लॉज बघू."

पहिल्या लॉजवर मॅनेजरने माझं आधारकार्ड घेतलं, खोल्या दोन, दर सांगितला. मग इमॅन्युएल पिशव्या घेऊन दारातून आत आला. मॅनेजरने पेन खाली ठेवलं.

"हे तुमच्याबरोबर?"

"हो."

"फॉरेनरला नाही देता येत साहेब. सी फॉर्म भरावा लागतो, पोलिसांना कळवावं लागतं."

"मी भरतो. दर वर्षी भरतो त्याचा."

"तसं नाही हो. तुम्ही दोघं राहा ना, तुम्हाला कोण नाही म्हणतंय? माझं काही नाही. मालकाचा नियम आहे. मला स्वतःला काहीच अडचण नाही."

ही वाक्यं मी ऐकली आणि काउंटरला धरून तसाच उभा राहिलो. गेले पंधरा दिवस मी आंघोळ करताना, ऑफिसला जाताना एक वाक्य घोकत होतो. माझं काही नाही इमॅन्युएल, सोसायटीचा नियम आहे. मला स्वतःला काहीच अडचण नाही. मॅनेजरचा सूरसुद्धा मी ठरवला होता तोच होता, मऊ, दिलगिरीचा. समोरून ऐकताना तो सूर मला सहन झाला नाही.

"नियम लिहिलेला दाखवा," मी म्हणालो.

"लिहिलेला कसा असेल?"

"मग कोणता नियम?"

"काका," इमॅन्युएल मागून म्हणाला, "चला. दुसरीकडे बघू." तो चिडला नव्हता. त्याच्या चेहऱ्यावर एक छोटं हसू होतं. हे हसू मी अध्यक्ष जिन्यात भेटतात तेव्हा त्याच्या चेहऱ्यावर बघितलेलं आहे.

दुसऱ्या लॉजवर खोली शिल्लक नव्हती, असं सांगितलं गेलं. भिंतीवर चाव्या लटकत होत्या. आम्ही चौथ्या गल्लीतून गाडी बाहेर काढली आणि मी मेहुण्याला फोन लावला.

"अवो दाजी, त्यात काय इचारायचं? या की. गच्ची हाय, गाद्या हायत," बापू म्हणाला.

मार्गासनीच्या पुढे

माझ्या मेहुण्याला, म्हणजे सुनंदाच्या धाकट्या भावाला, सगळे बापू म्हणतात. भातशेती, चार म्हशी, एक टेम्पो, आणि जत्रा कमिटीचा उत्साही सभासद. माणूस मनाचा मोकळा. आम्ही पोहोचलो तेव्हा त्याने इमॅन्युएलला मिठी मारली आणि दंड चाचपून म्हणाला, "आयला, काय शरीर हाय पावण्याचं!"

सकाळी गच्चीवरून तोरणा स्पष्ट दिसत होता. खालच्या खाचरांत मधूनमधून काळे चौकोन होते. इमॅन्युएलने विचारलं, आग लागली होती का? सुनंदाने सांगितलं, राब भाजलाय, शेण-पालापाचोळा पसरून जमीन जाळतात, मग त्या जागेत भाताचं रोप टाकतात. तो म्हणाला, आमच्याकडेही डोंगरात असंच जाळतात. मग दोघं कितीतरी वेळ कुठला पाला चांगला जळतो यावर बोलत राहिले. मी चहाचा कप घेऊन बाजूला उभा होतो. आज रविवार. आज सांगायलाच हवं होतं. जेवण झाल्यावर, मी ठरवलं. मग ठरवलं, कुस्त्या झाल्यावर.

कुस्त्यांचा फड गावाबाहेर ओढ्याकाठी होता. लाल माती, तिच्यावर पाणी शिंपडलेलं, कडेने गर्दी, झाडांवर पोरं. आधी रेवड्यांवरच्या लहान मुलांच्या कुस्त्या झाल्या, मग शंभराच्या, मग पाचशेच्या. हलगी वाजत होती. बापू आला आणि इमॅन्युएलचा हात धरला. "चला पावणं. सत्कार हाय."

फडाच्या मधोमध त्याला भगवा फेटा बांधला, हातात नारळ दिला. सुनंदाने मोबाईलवर फोटो काढला. इमॅन्युएलने सगळ्यांना वाकून नमस्कार केला. टाळ्या झाल्या. मलाही बरं वाटलं. म्हटलं, चला, भोरचं जरा धुऊन निघालं.

मग माइकवरचा माणूस म्हणाला, "तर मंडळी, आजचं खास आकर्षण! आफ्रिका खंडातला पैलवान आपल्या फडात! नारळ घेतलेला हाय! कोण धरतंय कुस्ती?"

गर्दीतून एकदम आवाज उठला. आमच्या बाजूच्या एकाने सांगितलं, या गावात फडात नारळ हातात घेतला म्हणजे कुस्ती कबूल. इनाम जाहीर होऊ लागलं. पाचशे एक. एक हजार एक. कुणी म्हणालं, काळ्याला चितपट करील त्याला माझ्याकडून दोन हजार एक. दहा मिनिटांत रक्कम सात हजारांच्या वर गेली. तालमीतला एक गडी सदरा काढून मांडीवर थाप मारत आला. कुणीतरी इमॅन्युएलचा चष्मा काढून बापूकडे दिला. कुणीतरी त्याच्या केसांना हात लावून बघितला. गर्दीतून शिट्ट्या येत होत्या, "कालिया, कालिया!" आणि तो हातात नारळ घेऊन, फेटा बांधलेला, तेच छोटं हसू चेहऱ्यावर ठेवून माझ्याकडे बघत होता. तोंडाने "काका" म्हणाला असावा. ऐकू आलं नाही.

मी आत गेलो. विचार करून गेलो नाही. मातीत चार पावलं टाकली आणि गर्दी माझ्यावर उसळली. "ओ! चपला! चपला काढा!" फडात चपला घालून जाणं म्हणजे देवळात तसं जाण्यापेक्षा वाईट, हे मला लहानपणापासून माहीत आहे. मी चपला काढून हातात घेतल्या आणि तसाच माइकवाल्याकडे गेलो.

"हा पैलवान नाही," मी माइकमध्ये म्हणालो. "हा औषधांचं शिक्षण घेतो. कुस्ती त्याने कधी केलेली नाही. त्याला कुणी विचारलेलंही नाही."

मग झाडावरून कुणीतरी ओरडलं, "मंग आणलाय कशाला, वजन करायला?" सगळा फड हसला.

पंचांमध्ये पांढऱ्या मिशांचे वस्ताद बसले होते, गावच्या तालमीचे. ते उठले. आधी मला झापलं. "एवढं वय झालं, आन मातीत चपला? आदी मातीला हात लावा." मी वाकून माती कपाळाला लावली. मग ते इमॅन्युएलसमोर जाऊन उभे राहिले, मान वर करून. "पोरा, कुस्ती धरायची का तुला?"

त्या दिवशी हे त्याला विचारणारे ते पहिले.

"नाही, आजोबा."

"हा नारळ इचारून दिला हुता का?" त्यांनी बापूकडे वळून विचारलं. बापूने हातातला चष्मा खिशात घातला. "मंग त्यो नारळ न्हाईच. मर्जीबिगर मानसाला मातीत उतरवत न्हाईत. हलगी वाजवा. पुढची जोड."

इनाम जाहीर करणाऱ्यांनी आपापले पैसे परत खिशात घातले. आम्ही फडाबाहेर आलो. बापू मागून तरातरा आला. त्याचा चेहरा लाल झाला होता.

"दाजी, गावात लाज काढलीत माझी!"

"तू त्याला विचारायला हवं होतंस."

"म्या मान दिला त्येला! फेटा बांधला, खांद्यावर हात टाकून फडात नेला! हितल्या किती पावण्यांना आसा मान मिळतो?"

"तो मान नव्हता बापू. त्याला बघायचा होता तुम्हाला. बैलासारखा."

बापूने श्वास घेतला. सुनंदा "बापू, नको" म्हणाली, पण तो थांबणारा नव्हता.

"मला शिकवताय? अक्कानं सांगितलंय मला फोनवर. म्या फडात नेला, तुमी तर घरातनं भाईर काढताय त्येला! म्हैनाअखेर! आन आज माइकवर पुढारीपणा!"

तो इमॅन्युएलच्या देखत हे बोलला. एकेक शब्द स्पष्ट, गावच्या मराठीत. मी इमॅन्युएलकडे बघू शकलो नाही. हातात अजून चपला होत्या. त्या खाली ठेवून मी पायात घालायला लागलो आणि अंगठा पट्ट्यात जाईना.

"मला माहीत आहे काका," इमॅन्युएल म्हणाला.

"काय माहीत आहे?"

"खोली. सेक्रेटरी काकांनी मीटिंग झाली त्याच आठवड्यात लिफ्टमध्ये सांगितलं. मी नऊ खोल्या बघितल्या. नाही मिळाल्या."

"मग... मग तू आलास कशाला?"

त्याने डोक्यावरचा फेटा काढला, नीट गुंडाळला आणि बापूच्या हातात दिला. मग म्हणाला, "तुम्ही बोलावलं. तीन वर्षांत पहिल्यांदा बोलावलं."

बापूच्या खिशातून त्याचा चष्मा बाहेर आला. बापूने तो आपल्या सदऱ्याला पुसला आणि पुढे केला. "माफ करा पावणं," तो म्हणाला. माझ्याकडे मात्र बघितलं नाही. जेवायला सगळे एकत्र बसलो, मटणाचा रस्सा उत्तम होता असं सुनंदा नंतर म्हणाली. मला चव आठवत नाही.

परत

संध्याकाळी निघालो. मार्गासनी गेलं, नसरापूर गेलं, हमरस्ता लागला. मला वाटत होतं की आता काहीतरी मोठं, योग्य असं बोलावं. पण माझ्याकडे तसले शब्द नाहीत. कात्रजचा बोगदा जवळ आला तेव्हा मी म्हणालो, "तू राहा. मी समितीला नाही म्हणून सांगतो."

मागच्या सीटवरून त्याने विचारलं, "परीक्षेपर्यंत, की अकरा महिने?"

खरं सांगतो, माझ्या मनात परीक्षेपर्यंतच होतं. जिभेवर आलंही होतं. सुनंदाने मान वळवून माझ्याकडे बघितलं नाही, सरळ रस्त्याकडे बघत राहिली, आणि तेच जास्त अवघड होतं.

"अकरा महिने," मी म्हणालो.

"लिहून?"

"लिहून."

"ठीक आहे," तो म्हणाला. आभार मानले नाहीत. मानावेत असं मी काही दिलंही नव्हतं.

समितीला मी लेखी पत्र दिलं. वासाची, मित्रांची, हसण्याची तक्रार असेल तर तारीख-वार लेखी द्या, आणि समोरच्या फ्लॅटची असेल तीही द्या, असं त्यात होतं. लेखी काहीच आलं नाही. अध्यक्ष म्हणाले, तुमच्या जबाबदारीवर. सेक्रेटरी माझ्याशी आता फक्त देखभाल खर्चापुरतं बोलतात. जिन्यात हसण्याचा आवाज आला की माझे कान अजून वर जातात, आणि मग मी ते खाली घेतो. बापूचा फोन महिनाभर आला नाही. आला तेव्हा त्याने आधी इमॅन्युएलची परीक्षा कशी गेली ते विचारलं.

करार एप्रिलच्या शेवटच्या शनिवारी झाला. एजंट अंगठ्याचं यंत्र घेऊन घरी आला. साक्षीदार दोन लागतात. एक सुनंदा. दुसरे गायकवाड, भोंगवलीहून एसटीने आले, करार पूर्ण वाचला आणि मग सही केली. मुद्रांक, नोंदणी आणि एजंटची फी मिळून तेवीसशे रुपये झाले. सगळे मीच देणार म्हणून मी पाकीट काढलं. इमॅन्युएल म्हणाला, "नाही काका, दर वर्षी अर्धे अर्धे असतात." त्याप्रमाणे साडेअकराशे त्याने दिले, साडेअकराशे मी, एजंटला.